शिल्लक निरंक : लोकनृत्य मंडळाचा जमाखर्च आणि आपली समीक्षा

तमाशा, लावणी, जलसा या विषयांवर मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. गण, गौळण, बतावणी, वग यांची क्रमवार चिकित्सा झाली. ढोलकीच्या बोलांवर, लावणीतील शृंगारावर, सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर प्रबंध झाले. या साऱ्या लेखनात एक प्रश्न मात्र सहसा सापडत नाही. प्रयोग संपल्यावर पैसे कोणी मोजले, कोणाच्या हातात किती पडले, आणि तूट आली तेव्हा ती कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन भरून काढली गेली? हा प्रश्न विचारला की आपले समीक्षक अस्वस्थ होतात. तो 'कलाबाह्य' आहे असे ते म्हणतात. ज्याच्या घरात दोन वेळची चूल ठरलेली आहे त्याला पैसा कलाबाह्य वाटणे स्वाभाविक आहे. जिच्या पायातील चाळ हेच घराचे उत्पन्न होते, तिच्या दृष्टीने मात्र पैसा हा कलेचा पहिलाच विषय होता.

लोकनृत्याचे एखादे छोटे, नोंदणीकृत, 'ना नफा' तत्त्वावर चालणारे मंडळ डोळ्यांपुढे आणावे. अशी मंडळे आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली त्यांची नोंद असते. दरवर्षी हिशेबतपासनिसाची सही होते. धर्मादाय कार्यालयात ताळेबंद जातो आणि वर्षअखेरीस शिल्लक बहुधा निरंक असते. हे निरंक बघून आपण त्या मंडळाचे कौतुक करतो. कोणी नफा खाल्ला नाही, सगळे निःस्वार्थ, असे म्हणतो. माझे म्हणणे असे की हे निरंक वाचायला आपण शिकलेलो नाही. त्या निरंकामागे एक मोठी रक्कम दडलेली असते आणि ती देणाऱ्याचे नाव वहीत कोठेही नसते.

ते नाव का नसते हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

तमाशाचा फड हा धंदा होता आणि आहे, त्याने कधी 'ना नफा'चा आव आणला नाही. दसऱ्याला फड बाहेर पडतो, चैत्र-वैशाखात जत्रांचा मोसम असतो, पावसाळ्यात कनाती गुंडाळून ठेवल्या जातात. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे तेथे येतात, भाव ठरतो, सुपारी फुटते, विसार दिला जातो. पण हा पैसा हाती येण्याआधीच फडमालकाच्या डोक्यावर कर्ज असते. कारण मोसम सुरू होण्यापूर्वी त्याने प्रत्येक कलावंताला उचल दिलेली असते आणि ती देण्यासाठी स्वतः सावकाराकडून पैसा उचललेला असतो. उचल घेतलेला कलावंत मोसमभर बांधला जातो. ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाने दिलेली उचल आणि फडातील उचल यांत तत्त्वतः काही फरक नाही. दोन्हीकडे भुकेच्या महिन्यांत पैसा मिळतो आणि कामाच्या महिन्यांत तो अंगमेहनतीने फेडावा लागतो. फिटला नाही तर पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे.

ही व्यवस्था शोषणाची आहे हे सांगण्यासाठी शास्त्रज्ञाची गरज नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फडाच्या वहीत नाचणारीचे नाव असते. तिच्या नावावर उचल लिहिलेली असते, फेड लिहिलेली असते. हिशेब तिच्या विरुद्ध असेल, पण हिशेब आहे. तिच्या श्रमाला किंमत आहे हे त्या वहीला मान्य आहे. २०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवसापासून सुरू झाली. ज्या दिवसावर वर्षाचा धंदा ठरायचा तोच दिवस बंद झाला. जत्रा गेल्या, सुपाऱ्या गेल्या, पण त्या मोसमाची उचल खाऊन झालेली होती आणि वहीत तशीच राहिली. त्या वर्षी लोककलेवर जी हळहळ छापून आली तिच्यात परंपरा लोप पावेल ही चिंता पुष्कळ होती. या उचलीविषयी फारसे कोणी बोलले नाही.

संगीत बारीचा हिशेब याहून निराळा. तेथे थिएटरमालकाचा वाटा, पार्टीमालकिणीचा वाटा, साजिंद्यांचा वाटा, आणि दौलतजादा. हे वाटे पाडून जे उरते त्यावर एका नाचणारीचे सबंध घर, कधी कधी सबंध भावकी जगते. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले तेव्हा आपण ते वेदनेचे पुस्तक म्हणून वाचले, आणि ते तसे आहेच. परंतु ते पुन्हा एकदा जमाखर्चाची वही म्हणून वाचून पाहावे. बाप आणि भाऊ बसून खातात, बहीण नाचते. तिचे लग्न होऊ नये यात घराचा आर्थिक हितसंबंध गुंतलेला आहे. 'चिरा' हा विधी म्हणून सांगितला जातो आणि व्यवहार म्हणून पार पडतो. कमावणारी एक आणि तिच्या कमाईवर सही करणारे दुसरेच. दलित आत्मकथनांची समीक्षा करताना आपण जातीचा अपमान बारकाईने मोजला. घरातल्या घरात बाईच्या कमाईचे काय होते, याकडे मात्र आपले लक्ष उशिरा गेले. शर्मिला रेगे आणि अलीकडे शैलजा पाईक यांनी ते ठळकपणे नेले. पाईक यांचा २०२२ सालचा इंग्रजी ग्रंथ तमाशातील दलित स्त्रिया, जात आणि 'अश्लीलता' या आरोपाचे राजकारण यांवरच आहे.

येथे पवळेचे नाव येणे अपरिहार्य आहे. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची ही महार स्त्री तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली आणि तिने पठ्ठे बापूरावांच्या फडाला वैभव आणले. बापूराव ब्राह्मण, रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. त्यांनी जात सोडली, वतन सोडले, याची कथा मराठी माणूस कौतुकाने सांगतो. पवळेने काय सोडले आणि तिला काय मिळाले याची कथा त्यामानाने आखूड असते. या बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, हा प्रसंग चळवळीत सर्वश्रुत आहे. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा आम्हांला नको, असा त्या नकाराचा आशय.

या प्रसंगावर दोन प्रकारची भाष्ये होतात. एका बाजूला तो शीलाचा, स्वाभिमानाचा नकार म्हणून गौरवला जातो. दुसऱ्या बाजूला, त्यात कलावंत स्त्रीविषयी मध्यमवर्गीय सोवळेपणा आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला दोन्ही भाष्ये अपुरी वाटतात, कारण दोहोंतही हिशेब नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. पैसा कोठून येतो हे विचारल्याशिवाय तो कोणाचा आहे हे ठरत नाही, एवढे त्यांना नक्कीच कळत होते. देणारा बापूराव आणि कमावणारी पवळा व तिच्यासारख्या इतर जणी. देणगीची पावती बापूरावांच्या नावाने फाटली असती. ज्या स्त्रियांच्या मुक्तीसाठी पाण्याचा लढा होता त्यांचेच श्रम दुसऱ्याच्या नावाने त्या लढ्याच्या खात्यावर जमा झाले असते. नकाराचा हा अर्थ मला अधिक पटतो. तरीही आक्षेपात तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. पैसा नाकारला गेला, पण नाचणारीची मजुरी तिच्याच हातात कशी पडेल हा प्रश्न त्या नकाराने सुटला नाही. १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांना हा धंदाच सोडण्याचे आवाहन केले. ज्यांना दुसरा धंदा मिळाला त्यांनी सोडला. ज्यांना मिळाला नाही त्या नाचत राहिल्या, आणि चळवळीच्या वहीत त्यांचे खाते उघडले गेले नाही.

याच काळात आंबेडकरी जलसा उभा राहत होता. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचा सांगाडा घेतला, त्यातील शृंगार काढला, गौळणीतील कृष्णाला रजा दिली आणि तेथे पाणवठा, देऊळ, शाळा, गावकी हे विषय आणले. कर्डकांनी १९७८ साली जलशांच्या स्वरूपावर व कार्यावर स्वतःच पुस्तक लिहिले हे आपले भाग्य; नाहीतर ही सारी कमाई तोंडी आठवणींतच विरली असती. जलशात स्त्रीभूमिका पुरुष करीत. जलसेकरी पोटासाठी दिवसा दुसरीकडे राबत आणि रात्री फडात उभे राहत. गावाने भाकरी घातली, वर्गणीतून गाडीभाडे दिले, एवढीच जमा. पुढे १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक निघाले, त्यालाही कामगारवस्तीने असेच पोसले.

'बिनपैशाची कला' ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली ती येथून. आणि ती योग्यच होती. ज्याच्याकडून गावाने पिढ्यान्पिढ्या फुकट वाजवून घेतले, हलगी वाजवणे हे ज्याच्या हक्कांत कमी आणि वेठीत जास्त होते, त्याने स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या लढ्यासाठी बिनपैशाने वाजवणे यात मुक्ती होती. वेठ आणि दान यांत फरक एवढाच की दान देणारा नाही म्हणू शकतो. प्रश्न असा की आजच्या मंडळातील नाचणाऱ्या मुलीला नाही म्हणता येते काय?

आता मंडळाच्या वहीकडे परत येऊ. आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. ज्यांनी अशी मंडळे चालवली आहेत त्यांनी स्वतःचे आकडे घालून पाहावेत. समजा पंधरा जणांचा संच आहे आणि वर्षाला बारा कार्यक्रम मिळतात. प्रत्येकी पंधरा हजार बिदागी, म्हणजे वर्षाची जमा १,८०,००० रुपये. गाडीभाडे कार्यक्रमाला सहा हजार, वर्षाचे ७२,०००. जेवणखाण व ध्वनिक्षेपक तीन हजार, वर्षाचे ३६,०००. नऊवारी साड्या, फेटे, चाळ, ढोलकीची पाने बदलणे, हलगी, संबळ यांची डागडुजी मिळून ३०,०००. हिशेबतपासनीस, टपाल, झेरॉक्स, धर्मादाय कार्यालयाचे हेलपाटे १२,०००. एकूण दीड लाख. उरले तीस हजार. ते पंधरा जणांत 'मानधन' म्हणून वाटले, प्रत्येकी वर्षाला दोन हजार. शिल्लक निरंक.

आता जे लिहिले नाही ते लिहू. बारा कार्यक्रमांचे जाण्यायेण्यासह चोवीस दिवस. तालमीच्या तीस संध्याकाळी, त्या अर्ध्या दिवसाच्या धरल्या तर पंधरा दिवस. माणशी एकोणचाळीस दिवस, पंधरा जणांचे ५८५ दिवस. तीस हजाराला ५८५ ने भागले तर दिवसाला एक्कावन्न रुपये पडतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. बांधावर माती टाकणाऱ्या बाईचा दर नाचणाऱ्या बाईला लावला, तिच्या कौशल्याचा एक पैसाही जास्त धरला नाही, तरी १,७३,७४५ रुपये होतात. म्हणजे मंडळाची खरी तूट १,४३,७४५ रुपये, आणि ती पंधरा कलावंतांनी माणशी ९,५८३ रुपये घालून भरली. मंडळाच्या अहवालात शेवटी देणगीदारांचे आभार असतात. पाच हजार देणाऱ्या दुकानदाराचे नाव असते, गणवेश देणाऱ्या बँकेचे असते, प्रमुख पाहुण्यांचे तर फोटोसह असते. ज्यांनी साडेनऊ हजार घातले त्यांची नावे 'सहभागी कलाकार' या मथळ्याखाली, बहुधा आडनावाशिवाय.

मानधन हा शब्दही तपासून पाहावा. मानासाठी दिलेले धन. मान किती द्यायचा हे देणाऱ्यावर असते. मजुरी मात्र मागता येते, ठरवता येते, थकली तर तिच्यासाठी भांडता येते. मजुरी हा शब्द कलेला कमीपणा आणतो असे सुशिक्षितांना वाटते. ज्यांच्या आजोबांनी मजुरीच्या दरासाठी संप केले त्यांना तो शब्द अपवित्र का वाटावा?

अनुदाने आहेत, हे खरे. १९८६ साली नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र सुरू झाले, त्यामुळे कित्येक आदिवासी व दलित कलावंत प्रथमच राज्याबाहेर गेले. राज्य शासनाचीही प्रयोगात्मक कलांसाठी अनुदान योजना आहे. वृद्ध कलावंतांचे मानधन २०२४ साली महिना पाच हजार झाले आणि अ, ब, क हे वर्ग गेले, हे चांगले झाले. परंतु अनुदान मिळण्याची रीत पाहावी. मागील वर्षांचे तपासलेले ताळेबंद पाहिजेत. केंद्राच्या काही योजनांत खर्चाचा चौथा हिस्सा संस्थेने स्वतः उभा करायचा असतो आणि मंजूर रकमेचा शेवटचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र पोहोचल्यावर निघतो. तोपर्यंत गाडीवाला थांबत नाही, शिंपी थांबत नाही. थांबतो तो कलावंत, कारण त्याच्या थांबण्याला व्याज लागत नाही. वस्तू व सेवा कर २०१७ साली आला तेव्हा लोककलेच्या प्रयोगाला दीड लाखाच्या बिदागीपर्यंत सूट ठेवली गेली. आमच्या मंडळांच्या दृष्टीने ही सूट म्हणजे अनवाणी माणसाला बुटांच्या पॉलिशवर दिलेली सवलत.

या कागदपत्रांमुळे आणखी एक गोष्ट घडते, तिच्यावर बोलणे मला अधिक जरुरीचे वाटते. अर्ज, ताळेबंद, फेरफार अहवाल हे ज्याला लिहिता येते तो मंडळाचा मालक होतो. कायद्याने मालक कोणी नाही, सारे विश्वस्त. प्रत्यक्षात अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ही तीन पदे ज्यांच्याकडे, ते क्वचितच नाचतात. आणि जे नाचतात ते क्वचितच या पदांवर असतात. फडात निदान मालकीण स्वतः बोर्डावर उभी असे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी फड चालवला, कर्ज काढले, देणे दिले आणि पोटुशी असतानाही नाचल्या. बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर आल्या, ही कथा आपण टाळ्यांसाठी सांगतो. तो कर्तृत्वाचा प्रसंग आहेच. पण त्या रात्री खेळ बंद ठेवण्याची ऐपत फडाला नव्हती, हा त्याचा हिशेबी अर्थ आहे. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी दात्यांची मदत घ्यावी लागली. २००६ साली शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला.

इथवर वाचताना कार्यकर्त्या वाचकाने मान डोलावली असेल, कारण दोष शासनाकडे आणि संस्थाचालकांकडे जात होता. आता आपल्या अंगणात यावे. चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तनदिनाला आपण शाहिरांना, मुलींच्या नृत्यसंचांना बोलावतो. फोनवर पहिले वाक्य असते : "दादा, चळवळीचे काम आहे." या वाक्यानंतर पैशाची गोष्ट काढणे अवघड होते. मांडववाला त्याच चळवळीच्या कामाचे पूर्ण बिल घेतो. डीजेवाला आगाऊ घेतो, त्याशिवाय भिंती उभ्याच करीत नाही. शाहिराला शाल, नारळ, आणि गर्दीत कोणीतरी खिशात कोंबलेले पाकीट, ते उघडून पाहण्याची चोरी. पंधरा वर्षे ज्यांचे पोवाडे ऐकून आपण वाढलो त्यांच्या मुलीच्या फीसाठी मग व्हॉट्सअ‍ॅपवर मदतीचे आवाहन फिरते आणि आपणच ते पुढे पाठवतो. महाडच्या निधीचा प्रसंग भाषणात सांगणाऱ्या वक्त्याने स्वतःच्या जयंती समितीच्या खर्चाची यादी एकदा खालपासून वर वाचावी.

उपाय म्हणून मंडळाने एकदम सर्वांना पूर्ण मजुरी द्यावी असे म्हणणे पोकळ होईल. पैसा नसतो हे मला ठाऊक आहे. पण लिहायला पैसा लागत नाही. तालमीचे आणि प्रयोगाचे दिवस प्रत्येकाच्या नावावर रोज टिपावेत. वर्षअखेरीस त्यांची ठरलेल्या दराने रक्कम काढावी, दिली गेली तेवढी वजा करावी आणि उरलेल्या रकमेची देणगीची नोंद त्या कलावंताच्या नावाने करावी, अहवालात, दुकानदाराच्या वर. हिशेबतपासनीस म्हणेल की बिनपैशाचे श्रम ताळेबंदात धरण्याची सक्ती नाही. मग ताळेबंदाला टीप म्हणून जोडावी. टीप जोडायला कायदा आड येत नाही. अनुदानाचा अर्ज करताना संस्थेचा चौथा हिस्सा कोठून आला या प्रश्नालाही ती टीप सरळ उत्तर देते, मग अधिकाऱ्याने ते स्वीकारो अथवा न स्वीकारो. आणि बँकेच्या खात्यावर ज्या दोन सह्या चालतात त्यांतील एक सही नाचणाऱ्या बाईची असावी. तिला सही येत नसेल तर तालमीच्या पहिल्या आठ संध्याकाळी तेवढेच शिकवावे, पावले नवव्या दिवशी बसवली तरी चालतील.